आधी कच्ची जुळणी, मग पक्कं वेल्डिंग: नागपुरात हलकी किट स्पोर्ट्स कार बांधण्याची रीत

लोखंड आणलं, वेल्डरला बोलावलं, पंधरा दिवसांत सांगाडा उभा राहिला. मग गिअरबॉक्स बसवायला घेतला, तर तो दोन सीटमधल्या बोगद्यात जाईना. ताडपत्रीखाली पडून राहिलेले असे सांगाडे नागपुरात मी बरेच पाहिले आहेत. त्यांचं वेल्डिंग सहसा चांगलं असतं, इंजिनही धडधाकट असतं. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. म्हणून या लेखात भर क्रमावर आहे.

इथे गृहीत धरलेली किट कार, म्हणजे सुटे भाग जमवून घरी बांधायची गाडी, दोन माणसांची, उघडी आणि चौकोनी नळ्यांच्या सांगाड्याची आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. लोटस सेव्हनच्या धाटणीची ही गाडी आज केटरहॅम या नावाने विकली जाते. घरी बांधताना माणसाशिवाय वजन ५५० ते ६०० किलोंच्या आत ठेवायचं. त्यापुढे गेलं की एवढी मेहनत घेण्याला फारसा अर्थ उरत नाही.

## टप्पा १: पहिला पाईप कापण्याआधी कायदा समजून घ्या

पहिला प्रश्न असतो, "पासिंग होईल का?" याचं उत्तर नाही असंच धरून चाला. नवी गाडी नोंदवताना आरटीओ विक्री प्रमाणपत्र आणि निर्मात्याचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र मागतं, म्हणजे फॉर्म २१ आणि २२. हे देणाऱ्या निर्मात्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे आपल्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एका गाडीसाठी हा खर्च कुणाला झेपत नाही. एमएच-३१, एमएच-४९ किंवा एमएच-४०, कोणत्याही खिडकीवर गेलात तरी नियम हाच.

दुसरी वाट लोक कानात सांगतात: जुन्या जिप्सीचं आरसी बुक घ्या, तिची नंबर प्लेट नव्या सांगाड्यावर लावा. हे अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा गाडीखाली कुणी सापडलं तर विमा कंपनी हात वर करेल, आणि उभ्या आयुष्याची कमाई त्यात जाईल.

म्हणजे ही गाडी बंदिस्त जागेसाठीच बांधायची: मालकाची लेखी परवानगी असलेली खासगी जागा, क्लबने भरवलेली ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणांच्या मार्गावरची वेळेची शर्यत), किंवा कोइम्बतूरचा करी स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. हे मनाने स्वीकारलं की काम सोपंही होतं. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, नंबर प्लेटची जागा असं सगळं वजनातून आणि डोक्यातून वजा होतं.

तपासणी: तुम्हाला जिथे चालवायचं आहे तिथल्या आयोजकाकडून किंवा एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेशी संलग्न क्लबकडून सुरक्षेचे नियम आताच घ्या. रोल बारचा पाईप, बॅटरी तोडायचा स्विच, अग्निशामक, सीट बेल्ट याबद्दल त्यांच्या अटी ठरलेल्या असतात. सांगाडा पूर्ण झाल्यावर त्या वाचल्या तर अर्धा सांगाडा कापावा लागतो.

ज्यांना रविवारी सकाळी रामटेकपर्यंत चालवायलाच गाडी हवी आहे, त्यांनी बांधायच्या भानगडीत पडू नये. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्मसारखी कारखान्यातून पासिंग होऊन आलेली फायबर बॉडीची दोन सीटर सेकंडहँड शोधावी.

## टप्पा २: कामाचं वेळापत्रक आपल्या हवामानावर बेता

नागपुरात काम हंगामाशी भांडून होत नाही. पावसाळ्यात डोनर गाडी (जिचं इंजिन आणि भाग वापरायचे ती जुनी गाडी) उघडायची, भाग धुऊन तपासायचे आणि वायरिंगला चिठ्ठ्या लावायच्या. वेल्डिंग दिवाळीनंतर. फायबर आणि रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत. मे अखेरचा कडक उन्हाचा नवतपा इंजिन थंड राहतं की नाही ते पाहण्यासाठी राखून ठेवायचा. ४५ अंशांत जी गाडी उकळत नाही, ती पुढे कुठेही उकळत नाही.

जागा किमान २० फूट बाय १२ फूट, पक्क्या जमिनीची. हत्यारांत एक २०० अँपिअरचं मिग वेल्डिंग मशीन (गॅसच्या आवरणात तार सोडत जोडणारं), चॉप सॉ, चार इंची ग्राइंडर, उभं ड्रिल मशीन, मोठा गुण्या, व्हर्नियर, टॉर्क पाना आणि इंजिन उचलायला चेन ब्लॉक. टॉर्क पाना उसना आणू नका, रोज लागतो. अग्निशामक पहिल्या दिवसापासून हाताच्या अंतरावर हवा. तो ठेवायची जागा दाराजवळ, कारण आग लागल्यावर आपण दाराकडेच धावतो.

## टप्पा ३: डोनर गाडी निवडा, चालवून पाहा, मगच उघडा

मागच्या चाकांना जोर आणि लांबीत बसवलेलं इंजिन, या दोन अटींवर आपल्याकडे परवडणारे पर्याय मोजकेच उरतात.

मारुती जिप्सी. १२९८ सीसीचं जी१३ इंजिन, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) असेल तर ८० बीएचपीच्या आसपास. मूळ गाडी हजार किलोंच्या जवळ, त्यामुळे आपल्या ५७५ किलोंना ही ताकद भरपूर होते. जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, म्हणून तो काढून गिअरबॉक्समधून थेट मागच्या हाउसिंगला (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीला) शाफ्ट जोडता येतो. ट्रान्सफर केस साध्या रस्त्याच्या गिअरमध्येही वेग थोडा कमी करतो. तो गेला की गाडीचे सगळे गिअर लांब होतात, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये गाडी जास्त वेग गाठते, आणि हलक्या गाडीला ते मानवतं. तोटे दोन: मागचा अ‍ॅक्सल जड, आणि स्टीअरिंग बॉक्स या गाडीच्या कामाचा नाही.

मारुती ईको. १२०० सीसीचं इंजिन, २०२२ पर्यंतच्या गाड्यांत ७३ बीएचपीच्या घरात, सुटे भाग गल्लोगल्ली. अ‍ॅक्सल जिप्सीपेक्षा हलका. माझं मत ईकोकडे झुकतं. केटरहॅमने आपल्या सर्वांत हलक्या सेव्हन १७० मध्ये सुझुकीचंच छोटं टर्बो इंजिन आणि सुझुकीचाच अखंड मागचा अ‍ॅक्सल वापरला आहे, आणि तिचं वजन ४४० किलो आहे. जड अ‍ॅक्सल खडबडीत जागेवर मागचं चाक उडवतो, हे लक्षात ठेवून निवडा.

ओम्नी. ७९६ सीसीचं इंजिन फारच अशक्त. तिचं स्टीअरिंग रॅक मात्र कामाला येऊ शकतं.

गाडी घेताना आरसी, मालकाची ओळख, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि चासी नंबर हे सगळं वाहन पोर्टलवरच्या माहितीशी ताडून पाहा. सुटं इंजिन घेत असाल तर बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. अख्खी गाडी घेऊन मोडणार असाल तर कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करायचा अर्ज आधी. नाहीतर ती गाडी कागदावर वर्षानुवर्षं तुमच्या नावाने फिरत राहते.

उघडण्याआधी गाडी निदान तासभर चालवा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकमेकांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडावंच लागेल. दुसरा-तिसरा गिअर दात खातो का, हाउसिंगमधून घरघर येते का, ऐका. मोडलेल्या गाडीत यातलं काहीच तपासता येत नाही.

सावधान: वायरिंग कापू नका. प्रत्येक कनेक्टरला कापडी टेप लावून त्यावर नाव लिहा, फोटो काढा, आणि पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) अख्खाच बाहेर काढा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) आणि किल्ली हा संच एकत्र ठेवा. किल्ली भंगारात गेली की इंजिन सुरूच होत नाही, आणि लोक मग महिनाभर स्पार्क शोधत बसतात.

## टप्पा ४: पाईप वजन करून घ्या

सांगाड्याला २५ बाय २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा काळा ईआरडब्ल्यू (लांबीत शिवण वेल्ड केलेला) चौकोनी पाईप लागतो. इतवारीच्या लोहा ओळीत तो ६ मीटरच्या लांबीत मिळतो. मागितलेली जाडी आणि मिळालेली जाडी एकच असेल असं समजू नका. टोकाला ग्राइंडरची भर आलेली असते, त्यामुळे तिथे व्हर्नियर फसवतो. खरी तपासणी काट्यावर होते. १.६ मिमीचा ६ मीटर पाईप सात किलोंच्या आसपास भरतो. तोच १.२ मिमीचा असेल तर साडेपाचच्या आत. एक-एक लांबी काट्यावर ठेवायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

"थोडा जाड घेतो, मजबूत होईल" हा मोह टाळा. एका सांगाड्याला सुमारे ५० मीटर पाईप लागतो. १.६ मिमीत त्याचं वजन ६० किलोंच्या आत राहतं, २.५ मिमीत ते ८८ किलोंवर जातं. मजबुती जाडीतून कमी येते, तिरप्या नळ्यांमधून जास्त. चौकोनी खणात तिरपा पाईप नसेल तर तो खण पत्त्याच्या घरासारखा कलतो, पाईप कितीही जाड असला तरी.

गॅल्व्हनाइज्ड पाईप नको. वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. रोल बारला मात्र हा चौकोनी पाईप चालत नाही. तिथे कोल्ड ड्रॉन सीमलेस गोल पाईपच हवा. एफआयएच्या नियमांत मुख्य बारला ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाड किंवा ५० मिमीचा २ मिमी जाड पाईप सांगितला आहे. तो हिंगणा एमआयडीसीतल्या पाईप वाकवणाऱ्याकडून मॅन्ड्रेलवर (आत दांडा घालून) वाकवून घ्या. वाळू भरून, तापवून वाकवलेला बार आतल्या बाजूने चुरगळतो आणि उलटल्यावर तिथूनच बसतो.

आता टेबल. ८ बाय ४ फुटांचा १९ मिमीचा प्लायवूड, खाली बॉक्स पाईपची चौकट. लेव्हल पाहायला गवंड्याकडची पाण्याची नळी सर्वांत खरी. टेबलाच्या मधोमध एक रेघ आखून घ्या आणि सांगाड्याची सगळी मापं त्याच रेघेपासून मोजा, काठापासून नाही.

तपासणी: पूर्ण कामभर एकच टेप वापरा. दोन टेपांच्या टोकाच्या पत्र्यात मिलिमीटरचा फरक सर्रास असतो, आणि दहा जोडांनंतर तो सेंटिमीटर होतो.

## टप्पा ५: फक्त टाके मारा

इथे घाई होते, म्हणून स्पष्ट लिहितो: या टप्प्यात एकही जोड पूर्ण वेल्ड करायचा नाही. प्रत्येक जोडाला दोन ते तीन छोटे टाके (ठिपक्याएवढे वेल्ड), बस.

पाईप कापल्यावर टोकं आणि लगतचा इंचभर भाग घासून चकचकीत करा. जोडात फट एक मिलिमीटरच्या आत हवी. मोठी फट वितळलेल्या तारेने भरायची नाही, पाईपच नवा कापायचा. आधी तळाची चौकट, तिचे कर्ण मोजून पाहायचे, मग वरची चौकट, मग उभे पाईप, सगळ्यांत शेवटी तिरपे. कर्णांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टाका तोडा आणि पुन्हा लावा. टाका ग्राइंडरने दोन मिनिटांत निघतो, पूर्ण वेल्ड काढताना पाईपच खराब होतो.

सावधान: शेडमध्ये कूलर लावून वेल्डिंग करू नका. आपल्याकडे मार्चनंतर कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरचा झोत वेल्डिंगचा गॅस उडवून नेतो. वरून वेल्ड ठीक दिसतो, ग्राइंडर लावला की आत मधमाश्यांच्या पोळ्यागत भोकं. माझ्या ओळखीचे एक वेल्डर काका शेडमध्ये पाऊल टाकतानाच म्हणतात, "भाऊ, कूलर बंद करा अगोदर, मंग सांगा काय जोडाचं हाय ते." शिवाय कूलरचा ओलावा घासलेल्या पाईपवर रात्रीतून गंज आणतो. पहाटे पाच ते दहा या वेळेत काम करा, हवा पडलेली असते.

## टप्पा ६: कच्ची जुळणी, सर्वांत जास्त वेळ इथे द्या

सांगाडा टाक्यांवर उभा आहे. आता गाडीतली प्रत्येक वस्तू त्यात एकदा बसवून पाहायची, अगदी अग्निशामकासकट. या टप्प्याला वेल्डिंगच्या दुप्पट वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

आधी माणूस. सीट ठेवा, चालवणाऱ्याला बूट आणि हेल्मेट घालून बसवा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि स्टीअरिंगच्या वरच्या काठावर मनगट टेकलं पाहिजे. पेडलांच्या पेटीत तीन पेडल आणि एक रुंद बूट मावतो का पाहा. या गाडीत पेटी फार अरुंद असते. ब्रेक दाबताना बुटाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर गेली तर अपघात नक्की. हेल्मेटच्या वर रोल बार निदान ५० मिमी उंच हवा. तीन-चार जण आलटून पालटून चालवणार असतील तर सर्वांत उंच माणसाला बसवा.

मग इंजिन आणि गिअरबॉक्स. इंजिनचा रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं रिकामं कवच वापरून मापं घेतली तर चेन ब्लॉकवर एकट्यालाही काम जमतं. इंजिन जितकं मागे आणि खाली जाईल तितकं बरं. तरीही संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) जमिनीपासून ११० मिमीच्या खाली येऊ देऊ नका. ट्रॅकच्या कडेचे उंचवटे संप फोडतात. गिअरची दांडी हाताशी येते का, स्टार्टर मोटर आणि ऑइल फिल्टर इंजिन न काढता निघतात का, मॅनिफोल्डचा पाईप स्टीअरिंगच्या रॉडला भिडतो का, हे सगळं इथेच कळतं.

शाफ्टचे कोन. गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँज आणि हाउसिंगचा पिनियन बाजूने पाहिल्यावर एकमेकांना समांतर हवेत. उंची थोडी वेगळी चालेल, तोंडं समांतर हवीत. नाहीतर दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टचे सांधे) वेगवेगळ्या कोनात फिरतात आणि वेगात गाडी थरथरते. लोक ही थरथर चाकांच्या बॅलन्सिंगमध्ये शोधत राहतात. कापून लहान केलेला शाफ्ट लेथवर सरळ करून बॅलन्स करून घ्यायचा, आणि बोगद्यात त्याच्याभोवती पोलादी कडी घालायची. क्रॉस तुटला तर फिरता शाफ्ट माणसाच्या मांडीशेजारी असतो.

पुढची चाकं. मारुती ८०० सारख्या गाडीचा हब मॅकफर्सन स्ट्रटसाठी असतो, वरचा बॉल जॉइंट त्यात नसतो. दोन विशबोनवर (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्यांवर) बसवायचा तर वरती जोडतुकडा लागतो. तो मशीन करून बोल्टने बसवा. ओतीव नकलला (हब धरणाऱ्या भागाला) वेल्ड मारायचा नाही, तो काचेसारखा तडकतो. आणखी एक: जिप्सीच्या चाकाला पाच बोल्ट, ८०० च्या चाकाला चार. दोन्ही मिसळलं तर दोन वेगळी स्टेपनी बाळगावी लागतील.

स्टीअरिंग रॅक. रॅक मूळ गाडीत चाकाच्या मध्यरेषेच्या मागे असेल तर इथेही मागेच ठेवा. पुढे नेलंत तर स्टीअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे वळू शकतात. रॅकची उंची आणि टायरॉडची लांबी विशबोनशी जुळली नाही, तर चाक वर-खाली होताना आपोआप वळतं. स्प्रिंग न लावता हब हाताने ५० मिमी वर, ५० मिमी खाली हलवा. चाकाच्या जागी सरळ पट्टी बांधून तिच्या पुढच्या-मागच्या टोकांचं मध्यरेषेपासूनचं अंतर मोजा. दोन्हींतला फरक संपूर्ण हालचालीत एक-दोन मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. तो येईपर्यंत रॅक वर-खाली सरकवत राहा. टाक्यांवर असल्यामुळेच हे शक्य असतं.

बाकी सगळं. रेडिएटर, पेट्रोलची टाकी, बॅटरी, फ्यूज बॉक्स, सायलेन्सर, ब्रेक पाईपचे मार्ग, सीट बेल्टचे आधार. प्रत्येकाचा ब्रॅकेट आत्ताच टाक्याने लावा. रंगानंतर आठवलेला प्रत्येक ब्रॅकेट रंग जाळतो.

तपासणी: जुळणी पूर्ण झाली की दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, त्याच्या हातात पाने द्या आणि प्रत्येक बोल्ट काढून पुन्हा लावायला सांगा. पाना जिथे जात नाही, तिथे आताच बदल करा.

## टप्पा ७: सगळं उतरवा, पक्कं वेल्डिंग करा, रंग द्या

सगळे भाग काढून कागदावर नोंदवून ठेवा. वेल्डिंगला ०.८ मिमीची ईआर ७० एस-६ तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. सुरुवातीला त्याच पाईपचे दोन तुकडे जोडा, शिकंज्यात धरा आणि हातोड्याने मोडा. वेल्डच्या शेजारी पाईप फाटला तर उत्तम. वेल्डच उकलला तर करंट आणि वेग बदला. वेल्डर कितीही जुना असला तरी हे करून घ्यायचं.

एका कोपऱ्यात वेल्डिंग सुरू करून पुढे पुढे जाऊ नका. पुढे उजवीकडे एक बाजू, मग मागे डावीकडे, मग मध्ये, असा फेर धरा. जोड हाताला सोसेल इतका थंड झाल्यावरच त्याची दुसरी बाजू. सांगाडा टेबलाला क्लॅम्पने बांधलेला राहू द्या, आणि रोज संध्याकाळी कर्ण मोजा. वेल्ड घासून गुळगुळीत करायची हौस अनेकांना असते. जिथे पत्रा बसणार आहे तिथेच घासा, बाकी ठिकाणी वेल्डचा उंचवटा म्हणजेच त्याची ताकद.

रंगासाठी पावडर कोटिंगपेक्षा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर फिका राखाडी दोन घटकांचा पेंट मला योग्य वाटतो. जोडाला तडा गेला तर फिक्या रंगावर गंजाची रेघ लगेच दिसते. पावडरची जाड कातडी तडा झाकते, आणि दुरुस्तीच्या वेळी खरवडावीही लागते.

## टप्पा ८: सस्पेन्शन आणि ब्रेक

सर्व बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसकट. विशबोनच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी ३ मिमीच्या प्लेटचा आधार हवा. एका बाजूने लटकलेला बोल्ट वाकतो.

स्प्रिंग गाडी तोलल्यावरच घ्यायची. चालवणाऱ्याला बसवून चारही चाकांखाली काटे ठेवा. कळमन्याच्या धान्य बाजारात वापरतात तसे ३०० किलोंचे प्लॅटफॉर्म काटे भाड्याने आणता येतात. धर्मकाट्यावर एवढे बारीक आकडे मिळत नाहीत. समजा पुढच्या एका चाकावर १४५ किलो आले, त्यातले २५ किलो चाक, हब आणि ब्रेकचे. उरलेल्या १२० किलोंना खेळकर पण न आपटणारी चाल हवी तर चाकावर साधारण १२ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठरपणा लागतो. पण शॉकअप तिरपा आणि आत असतो. चाक १० मिमी उचललं की तो ६ मिमीच दबत असेल, तर गुणक ०.६, आणि त्याचा वर्ग ०.३६. म्हणून स्प्रिंग १२ भागिले ०.३६, म्हणजे सुमारे ३३ न्यूटन प्रति मिलिमीटरची. हा हिशेब विसरून लोक जवळजवळ तिप्पट मऊ स्प्रिंग आणतात आणि मग शॉकअपला दोष देतात.

ब्रेकला दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर अनिवार्य. पाईप साध्या तांब्याचे नकोत, पोलादी किंवा तांबं-निकेलचे घ्या. पाईपची टोकं दुहेरी वळवलेली, तेल डॉट ४. हवा काढून झाल्यावर एकाने पूर्ण ताकदीने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने पेडलांच्या पेटीचा पत्रा वाकतो का पाहायचं. पत्रा हलला तर मागून आधार वेल्ड करा. ब्रेकचा अर्धा जोर तिथेच मुरतो.

सावधान: मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. डोनरमध्ये मागे जास्त वजन होतं, इथे तसं नाही. मागच्या लाइनमध्ये जोर कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह बसवा.

## टप्पा ९: पेट्रोल, पाणी, वीज

आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं, आणि जुन्या जिप्सीचं रबर त्यात फुगून भेगाळतं. होज नवे, इथेनॉल सोसणारे आणि फ्यूएल इंजेक्शनच्या दाबाचेच घ्या. टाकी आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत. पेट्रोलची लाइन सायलेन्सरपासून दूर न्या, नाहीतर मेच्या दुपारी लाइनमध्येच वाफ धरते.

रेडिएटर डोनरचाच, पूर्ण आकाराचा. लहान घेऊन नाक सुंदर करायचा विचार नागपुरात सोडून द्या. नाकाच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत पत्र्याची बंदिस्त वाट करा. नाहीतर वारा बाजूने निसटतो. नाक इंजिनपेक्षा खाली असल्यामुळे पाण्याची वेगळी टाकी सगळ्यांत उंच जागी लागते, तिथूनच हवा बाहेर पडते.

विजेत सर्वांत जास्त घोळ अर्थिंगचा. सांगाड्यावरचा रंग वीज जाऊ देत नाही. इंजिन ते सांगाडा जाड पट्टी, बॅटरी ते सांगाडा जाड वायर, दोन्ही ठिकाणी रंग घासून. बॅटरी तोडायचा स्विच बसलेल्या माणसाच्याही आणि बाहेरच्याही हाताला यायला हवा.

## टप्पा १०: बॉडी

बाजूंना १.२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, पीयू सीलंट आणि रिव्हेट. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम उघडे भिडू देऊ नका, मध्ये सीलंटचा थर हवाच. नाक आणि मडगार्ड फायबरचे. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के. गरमीत ते कमी करा आणि एका वेळी थोडंच कालवा. एप्रिलमध्ये डबाभर रेझिन कालवलं तर ते ब्रशवर यायच्या आत डब्यातच घट्ट होतं आणि धूर सोडतं.

## टप्पा ११: पहिली धाव

इंजिन पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून ऑइलचा दाब येईपर्यंत फिरवा. सुरू झाल्यावर रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत उभ्यानेच चालू द्या, तेव्हाच गळती सापडते.

प्रत्येक बोल्ट टॉर्कने आवळून त्यावर पिवळ्या पेंटची रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. व्हील नट ८५ ते १०० न्यूटन-मीटर. टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते) तपासायला दोन्ही बाजूंना सुतळी ताणा, गाडीत चालवणाऱ्याच्या वजनाची पोती ठेवून.

पहिली धाव पायी चालण्याच्या वेगात, फक्त ब्रेक आणि स्टीअरिंगसाठी. मग २० च्या वेगात ब्रेक जाम करून कोणतं चाक आधी थांबतं ते बाहेरून कुणीतरी पाहायचं. ४० च्या वर त्या दिवशी जायचं नाही. दहा किलोमीटर झाले की गाडी उचला आणि सगळ्या पिवळ्या रेघा पाहा.

सावधान: ही धाव रिंग रोडवर रात्री दोन वाजता नको. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर रात्रीही बेकायदाच असते.

## टप्पा १२: गाडी बाळगताना

नेण्या-आणण्याची सोय आधी मोजा. छोट्या हत्तीचा डाला सात फुटांचा असतो आणि ही गाडी साडेदहा-अकरा फुटांची. सपाट पाठीची टो गाडी किंवा १४ फुटी ट्रक लागतो. बांधताना पट्टे सांगाड्याला घाला, विशबोनला नको.

नोंदणी नसल्यामुळे नेहमीचा मोटार विमा मिळत नाही. तुमच्या वैयक्तिक अपघात आणि आरोग्य विम्यात मोटरस्पोर्ट वगळलेलं आहे का, ते पॉलिसीत शोधा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर विशबोनचे ब्रॅकेट, रोल बारचे पाय आणि इंजिनचे माउंट कापडाने पुसून, तिरपा टॉर्च मारून पाहा. ब्रेक तेल दरवर्षी बदला, पावसाळा संपल्यावर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी ठोकळ्यांवर, टाकी भरलेली, बॅटरी काढलेली. ताडपत्री जमिनीपर्यंत झाकू नका, खालून हवा खेळू द्या. हार्नेसभोवती बारीक लोखंडी जाळी गुंडाळा, कारण पावसात उंदीर कोरडी जागा शोधत येतात आणि पहिला दात ईसीयूच्या वायरलाच लावतात.